लिंकवर पट्टी ठेवून वाचा: इंटरनेटवरचे संदर्भ प्रबंधात कसे द्यायचे

साताऱ्यातल्या एका महाविद्यालयात मी गेली एकोणीस वर्षं ग्रंथपाल आहे. फेब्रुवारी उजाडला की एम.ए.ची आणि पीएच.डी.ची मुलं संदर्भसूचीचे कागद घेऊन टेबलाशी येतात. "मॅडम, एवढं बघून द्या ना, गाइडनी सांगितलंय." मी ड्रॉवरमधली स्टीलची फूटपट्टी काढते, सूचीत जिथे लिंक असेल तिथे ती आडवी ठेवते आणि उरलेलं वाचते. त्यावरून मला तो मजकूर शोधता आला पाहिजे. गेल्या वर्षी एका मुलाच्या सूचीत ४७ नोंदी होत्या. त्यातल्या २९ ठिकाणी पट्टी ठेवल्यावर काहीच उरलं नाही. दोन ठिकाणी तर नुसतं "गूगल" लिहिलेलं होतं.

गूगल हा संदर्भ नव्हे. एसटी स्टँडवर ज्याने वाट सांगितली तो माणूस वेगळा आणि आपण ज्याच्या घरी गेलो तो वेगळा. संदर्भात घरमालकाचं नाव हवं.

मी हे इतकं लावून धरते त्याला कारण आहे. माझा प्रबंध जिल्ह्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांवर होता. २०१३ साली मौखिक परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिसऱ्या प्रकरणातल्या एका तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, "हे आकडे कुठल्या वर्षाचे?" तळटिपेत फक्त लिंक होती. त्यांनी ती लॅपटॉपवर उघडली, तर पानच नाही. तक्त्याचं नाव काय, तो कोणत्या अहवालातला, मी तो कधी पाहिला, यातलं काही मी लिहून ठेवलं नव्हतं. आकडे खरे होते, पण खरे आहेत हे दाखवायला हातात काही नव्हतं. दुरुस्त्या करताना तो तक्ता काढून टाकावा लागला. आठ महिन्यांची मेहनत होती त्यात.

लिंका मरतात, आणि भराभर मरतात. हार्वर्डच्या कायद्याच्या अभ्यासकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतल्या निम्म्या लिंका मूळ मजकुरापर्यंत पोचत नव्हत्या. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये मोजलं, तर २०१३ सालच्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. तुमचा प्रबंध कपाटात तीस-चाळीस वर्षं राहणार आहे. म्हणून लिंक द्यायचीच, पण संदर्भाचा सगळा भार तिच्यावर टाकायचा नाही.

वाचतानाच लिहा

पान उघडलं आणि त्यातलं काही उपयोगी वाटलं, की त्याच क्षणी नोंद करा. "नंतर हिस्टरीतून काढू" असं म्हणू नका, निघत नाही. मी मुलांना दोनशे पानी वही घ्यायला सांगते, कुणी एक्सेल वापरतं, कुणी झोटेरो, म्हणजे संदर्भ सांभाळणारी संगणकप्रणाली. नोंदीत हे यायला हवं: कोणी लिहिलं किंवा सांगितलं, शीर्षक काय, कोणत्या संस्थेने किंवा संकेतस्थळाने प्रसिद्ध केलं, पत्ता, आणि तारखा.

तारखा म्हणते, तारीख नाही. ऑनलाइन मजकुराला बहुतेक वेळा तीन तारखा असतात: मूळ मजकूर कधीचा, तो इंटरनेटवर कधी चढला, आणि तुम्ही कधी पाहिला. माझ्या टेबलावर येणाऱ्या चुकांपैकी निम्म्या चुका या तिन्हींचा घोळ झाल्यामुळे असतात.

पाटण तालुक्यातली एक मुलगी जात्यावरच्या ओव्यांवर काम करत होती. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वँ यांनी खेडोपाडी फिरून जमवलेल्या लाखभर ओव्या आता पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या, म्हणजे 'पारी'च्या संकेतस्थळावर २०१७ पासून येत आहेत. लेख आहेत, आवाज आहेत, काही ठिकाणी व्हिडिओ आहेत. या मुलीने पस्तीस ओव्या घेतल्या होत्या आणि प्रत्येकीखाली लिहिलं होतं, "पारी वेबसाइट, २०२३". मी तिला तिथेच संगणकावर एक पान उघडायला लावलं आणि खाली, अगदी खाली जायला सांगितलं. तिथे गायिकेचं नाव होतं. गाव, तालुका, जिल्हा, वय, मुलं किती, व्यवसाय काय, ध्वनिमुद्रण कोणत्या तारखेचं, सगळं होतं. ध्वनिमुद्रण १९९० च्या दशकातलं, लेख २०१७ नंतरचा, आणि हिने पाहिलं २०२३ मध्ये. "२०२३" एवढंच छापलं, तर वाचणाऱ्याला वाटेल की ती बाई परवा जात्यावर बसली होती.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नाव. ओवी रचणारी, गाणारी बाई हीच इथे कर्ती आहे. पुस्तकाच्या संदर्भात लेखकाचं नाव पहिलं येतं, मग ओवीच्या संदर्भात गाणारीचं नाव का येऊ नये? राईरकर आणि पॉइट्वँ यांनी बाई-बाईचं नाव टिपून ठेवलं, पुढच्यांनी ते सांभाळून संकेतस्थळावर चढवलं, आणि आपण विद्यापीठात नेताना ते गाळायचं, हे मला पटत नाही. आम्ही मिळून नोंद अशी बसवली:

गायिकेचं आडनाव, नाव (गाव, तालुका, जिल्हा). ओवी. ध्वनिमुद्रणाची तारीख. "लेखाचं शीर्षक" या लेखात समाविष्ट. जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प, पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया. लेख प्रसिद्ध झाल्याची तारीख. लिंक. पाहिल्याची तारीख.

जिथे ओवीचा अनुवाद वापरला तिथे अनुवादकाचंही नाव. पस्तीस नोंदी पुन्हा लिहायला तिला तीन दुपारी लागल्या. प्रबंधाला परिशिष्ट जोडून तिने गायिकांची गाववार यादी दिली, आणि पाटणमधल्या तिच्या आजोळच्या गावचं एक नाव त्यात निघालं.

विश्वकोश, शब्दकोश, गॅझेटिअर

मराठी विषयाच्या मुलांचा हक्काचा आधार म्हणजे मराठी विश्वकोश. तो ऑनलाइन आहे हे आपलं भाग्य. पण तिथे दोन तऱ्हेच्या नोंदी आहेत. एक, वाईच्या मंडळाने काढलेल्या छापील खंडांतल्या. पहिला खंड १९७६ चा, तर विसावा २०१५ चा. दुसऱ्या, ज्ञानमंडळांनी, म्हणजे विषयवार अभ्यासकांच्या गटांनी, नव्याने लिहिलेल्या. छापील खंडातल्या नोंदीत एखाद्या शहराची लोकसंख्या १९७१ च्या जनगणनेतली असू शकते. ती उचलून तुम्ही "मराठी विश्वकोश, २०२४" लिहिलंत, तर आकडा पन्नास वर्षांनी चुकला. आकड्याशेजारी कंसात वर्ष दिलेलं असतं ते बघा, खंड कोणता ते शोधा आणि त्या खंडाचं साल द्या. नोंदीच्या शेवटी लेखकाचं नाव असतं, बऱ्याचदा आडनाव आधी. ते कर्त्याच्या जागी घ्या. नव्या नोंदींत लेखक आणि समीक्षक दोघांची नावं असतात. कर्ता म्हणून लेखक.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत आहे. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश तिथेच, तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही तिथेच. नोंदीपाशी छापील कोशातलं पान दिसतं, ते लिहा. मोल्सवर्थची जी आवृत्ती आपण वापरतो ती दुसरी, १८५७ ची. तेव्हा सूचीत "मोल्सवर्थ, जे. टी., दुसरी आवृत्ती, मुंबई, १८५७, पृष्ठ अमुक" असं आलं पाहिजे आणि मगच डिजिटल ग्रंथालयाचं नाव. पट्टी ठेवली तरी कुणीही आमच्या संदर्भ विभागातला जाडजूड कोश काढून तो शब्द बघू शकतो.

गॅझेटिअरमध्ये जरा जपून. साताऱ्याचं इंग्रज अमदानीतलं गॅझेटिअर १८८५ चं, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला एकोणिसावा खंड. स्वातंत्र्यानंतरची सुधारित आवृत्ती १९६३ ची. दोन्ही इंटरनेटवर सापडतात, आणि मुलं दोन्हींना "सातारा गॅझेटिअर" म्हणतात. किल्ल्यांचं वर्णन एकातून आणि पिकांचे आकडे दुसऱ्यातून घेतले आणि खाली एकच नाव दिलं, की परीक्षकाने काय समजायचं? पुन्हा टंकलिखित करून टाकलेल्या पानांवर मूळ पृष्ठ क्रमांक नसले, तर इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावर त्याच खंडाची स्कॅन केलेली प्रत शोधा आणि तिथून पान घ्या. वेळ लागतो, पण घ्या.

स्कॅन प्रतींचं म्हणाल तर संकेतस्थळावर दिलेल्या माहितीवर विसंबू नका. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियातून इंटरनेट आर्काइव्हवर गेलेल्या मराठी पुस्तकांची नावं रोमन लिपीत वाट्टेल तशी उतरवलेली आहेत, सालं चुकलेली आहेत. पीडीएफ उघडा, आतलं मुखपृष्ठ आणि त्यामागचं पान बघा, आणि तिथलंच लिहा. शके असेल तर शके लिहून इसवी सन कंसात द्या. ७८ मिळवायचे, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी ७९. महिना छापलेला नसेल तर दोन्ही सालं द्या: शके १८३२ (१९१०-११).

शोधगंगा आणि डीओआय

भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर असतात. दुसऱ्याच्या प्रबंधाचा संदर्भ देताना तिथली ब्राउझरच्या वरच्या पट्टीतली लिंक उचलू नका. त्या प्रबंधाच्या पानावर हँडल नावाचा वेगळा पत्ता दिलेला असतो, त्यात १०६०३ हा आकडा येतो आणि तिरक्या रेघेनंतर त्या प्रबंधाचा क्रमांक. तो टिकावा म्हणूनच दिलेला आहे. तिथे प्रबंध एका फाइलमध्ये नसतो. शीर्षक, प्रमाणपत्र, एकेक प्रकरण अशा सुट्या पीडीएफ असतात. त्यामुळे पीडीएफवर वर दिसणारं पान ७ म्हणजे प्रबंधाचं पान १३२ असू शकतं. कागदावर छापलेला आकडा खरा. आणि साल प्रबंध पूर्ण झाल्याचं द्या, अपलोड झाल्याचं नाही.

नियतकालिकातल्या लेखाला डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ओळख क्रमांक, असेल तर काम सोपं होतं. हा क्रमांक १० ने सुरू होतो, मग टिंब, प्रकाशकाचा आकडा, तिरकी रेघ आणि लेखाची खूण. प्रकाशकाने संकेतस्थळ बदललं की त्याने नोंदणीत नवा पत्ता द्यायचा असतो, क्रमांक तोच राहतो. म्हणून डीओआय असेल तर दुसरी लिंक नको. पण तो आधी डीओआय डॉट ओआरजी या पत्त्यापुढे लावून उघडून बघा. छापलेला प्रत्येक क्रमांक उघडतोच असं नाही, आणि जो उघडत नाही तो सूचीत घालू नका. मराठीतल्या बऱ्याच नियतकालिकांना डीओआय नाही. तिथे वर्ष, अंक, महिना, पृष्ठं नीट द्या, तेवढं पुरतं.

शासन निर्णय

शिक्षणशास्त्र, राज्यशास्त्र, ग्रामविकास या विषयांची मुलं जीआर देतात, आणि तिथे हमखास लिंक मोडलेली असते. जीआर उघडा. डोक्यावर विभागाचं नाव, "शासन निर्णय क्रमांक" आणि त्यात कुठेतरी "प्र.क्र.", खाली दिनांक. शेवटी नेहमीचं वाक्य असतं, की हा निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. तो लांबलचक आकडा वर्ष, महिना, दिवस या क्रमाने सुरू होतो. विभाग, विषय, निर्णय क्रमांक, दिनांक, संकेतांक, ही पाच माहिती दिली की लिंक नसली तरी चालतं. कुणीही संकेतस्थळावर शोधून तोच कागद काढतो. संकेतांक उतरवताना एक आकडा चुकला तर सगळं वाया, तेव्हा तो टाइप न करता कॉपी करा आणि मग डोळ्यांनी एकदा ताडून बघा.

वर्तमानपत्रं, आणि पान जपून ठेवणं

ई-पेपर आणि संकेतस्थळ या दोन वेगळ्या गोष्टी. ई-पेपरला आवृत्ती आणि पान असतं, ते द्या: सातारा आवृत्ती की पुणे, पृष्ठ किती. संकेतस्थळावर तीच बातमी वेगळ्या मथळ्याने येते, दुपारी बदलतेही. जे वाचलं तेच लिहा.

बदलणारं किंवा उडणारं पान असेल तर त्याच दिवशी जपून ठेवा. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर "सेव्ह पेज नाऊ" अशी चौकट आहे. तिथे लिंक टाका, थोडं थांबा, आणि मिळालेला नवा पत्ता उतरवून घ्या. त्या पत्त्यात चौदा आकडे असतात: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. ती वेळ भारतीय नसते. पहाटे चारला जपलेलं पान त्यामुळे आदल्या दिवसाचं दिसतं, गोंधळून जाऊ नका. सूचीत मूळ लिंक आणि जपलेली प्रत, दोन्ही द्या. शिवाय पानाची पीडीएफ करून स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवा, नोंदीचा क्रमांक फाइलच्या नावात घालून.

मराठीची एक अडचण इंग्रजीवाल्यांना नाही. पूर्वी आपली बरीच संकेतस्थळं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत, नव्हती, ज्याने त्याने आपला फॉन्ट वापरला. वेबॅकवर अशी जुनी पानं जपलेली असतात, पण उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. फॉन्ट मिळाला तर ठीक, नाही तर त्या तारखेच्या छापील अंकाकडे वळा. जिल्हा ग्रंथालयात किंवा वर्तमानपत्राच्या कार्यालयात फाइल असते.

दुसरी अडचण, देवनागरी पत्ते. मराठी विकिपीडियाची लिंक कॉपी करून वर्डमध्ये चिकटवली की प्रत्येक अक्षराजागी टक्क्याच्या चिन्हांचे तीन तुकडे येतात, आणि एका लेखाचं नाव तीन ओळी खातं. ओळ तुटली की लिंकही तुटते. विकिपीडियावर त्या आवृत्तीचा कायमचा दुवा मिळतो, तो आकड्यांवर चालतो आणि लहान असतो, तो वापरा. अर्थात विकिपीडिया हाच तुमच्या अभ्यासाचा विषय नसेल, तर त्याच्या तळटिपांवरून मूळ पुस्तकाकडे जा आणि ते वाचून त्याचा संदर्भ द्या.

यूट्यूबवरच्या भाषणाला वाहिनीचं नाव, शीर्षक, चढवल्याची तारीख, आणि तुम्ही घेतलेलं वाक्य किती मिनिटं किती सेकंदांवर आहे ते. जुनी आकाशवाणीची मुलाखत कुणी तरी आता चढवली असेल, तर बोलणाऱ्याचं नाव आणि मुलाखतीचं मूळ साल आधी. व्हॉट्सअॅपवर फिरत आलेला मजकूर हा संदर्भ नाही. एखाद्या जाणकाराने तुम्हाला स्वतः लिहून कळवलं असेल तर त्यांची परवानगी घेऊन मजकुरातच "वैयक्तिक संवाद", नाव, तारीख लिहा. एपीए या संदर्भ देण्याच्या पद्धतीत अशी नोंद सूचीत जात नाही. चॅटजीपीटीसारखं साधन वापरलं असेल तर लपवू नका. एपीए आणि एमएलए (तशीच दुसरी पद्धत) दोघांनीही २०२३ मध्ये त्याची पद्धत सांगितली आहे. मात्र त्याने सुचवलेलं प्रत्येक पुस्तक आधी ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये शोधा. तो नसलेली पुस्तकं खऱ्यासारखी लिहून देतो. माझ्याकडे अशी यादी घेऊन आलेल्या एका मुलीबरोबर मी अख्खा दिवस घालवला आहे.

एपीए की एमएलए, हे विभागाला विचारा आणि मग एकच धरून ठेवा. सध्या एपीएची सातवी आवृत्ती चालते, एमएलएची नववी. एपीएत डीओआयनंतर पूर्णविराम देत नाहीत, एमएलएत देतात. न बदलणाऱ्या मजकुराला पाहिल्याची तारीख एपीए मागत नाही, एमएलएतही ती ऐच्छिक आहे. तरी वहीत ती प्रत्येक नोंदीला असू द्या. झोटेरो फुकट आहे आणि चांगलं आहे, पण मराठी नाव आणि आडनाव ते उलटसुलट भरतं, प्रत्येक नोंद हाताने तपासावी लागते.

मुलं विचारतात, एवढ्या नोंदींनी साम्याची टक्केवारी, म्हणजे दुसऱ्यांच्या मजकुराशी जुळणाऱ्या भागाचं प्रमाण, वाढेल का? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि संदर्भसूची मोजणीतून वगळायची आहे. भीती बिनसंदर्भाच्या ओळींची धरा.

प्रबंध बांधायला टाकण्याआधी दोन संध्याकाळ राखून ठेवा आणि सूचीतली एकेक लिंक स्वतः दाबा. जी उघडत नाही ती वेबॅकवर शोधा. तिथेही नसेल तर नोंद काढून टाकू नका. कर्ता, शीर्षक, संस्था आणि तारखा तशाच ठेवा, पाहिल्याची तारीख द्या, "आता उपलब्ध नाही" असं लिहा, आणि तुम्ही जपलेली पीडीएफ छापून परिशिष्टात लावा.